‘अ लाँग वे गॉन’ : बालसैनिकाचं आत्मकथन कसं वाचावं?

अक्षरवेल

नमस्कार.

आमच्या वाचनगटाने या सत्रासाठी इश्माएल बेआचं ‘अ लाँग वे गॉन’ घेतलंय. गटात बहुतेक अकरावी-बारावीची आणि पदवीची मुलं, काही शिक्षक, काही पालक. पुस्तक सगळ्यांनी वाचलं, पण पहिल्याच बैठकीत जवळपास प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली: बंडखोरांनी एका मुलाला पळवलं, बळजबरीने हातात बंदूक दिली, मग संयुक्त राष्ट्रांची माणसं आली आणि तो सुटला. शेवटचा भाग सोडला तर पुस्तकात असं नाहीच. बेआला बंदूक दिली ती सरकारी लष्कराने, आणि त्यासाठी कुणी त्याला हातपाय बांधून नेलं नव्हतं. इतक्या जणांच्या नजरेतून हे निसटलं कसं, ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. सिएरा लिओन हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा छोटा देश. मार्च १९९१ मध्ये फोडे सांकोची ‘आरयूएफ’ ही बंडखोर संघटना लायबेरियाच्या बाजूने आत शिरली, पाठीशी लायबेरियातला बंडखोर नेता चार्ल्स टेलर होता. युद्ध संपल्याची घोषणा झाली ती जानेवारी २००२ मध्ये. सुमारे ५०,००० माणसं मेली असं मानतात, आणि लाखोंची घरंदारं सुटली. बेआ १९८० सालचा. पुस्तक २००७ मध्ये आलं, तेव्हा तो अमेरिकेत राहत होता.

सुरुवातीला बारा वर्षांचा इश्माएल, त्याचा मोठा भाऊ ज्युनियर आणि एक मित्र असे मात्रू जाँग या गावी निघतात. तिथे मित्रांच्या कार्यक्रमात रॅप आणि नाच करायचा असतो. पैसे वाचवायला १६ मैल चालतच जातात. उद्या परत यायचंच आहे म्हणून घरी निरोपही घेत नाहीत. मागे त्यांच्या गावावर हल्ला होतो आणि घर कायमचं सुटतं. पुढे कित्येक महिने रानावनात भटकणं, भावाची ताटातूट. घरचे अमुक गावात आहेत असं कळून तिथे पोचावं, तर थोड्याच वेळापूर्वी ते गाव जाळलेलं.

या अवस्थेत सैनिक त्याला आणि त्याच्या सोबतच्या मुलांना येले नावाच्या गावी घेऊन येतात. तिथे लष्कराचा तळ आहे. पोटभर जेवण मिळतं, झोपायला जागा मिळते, फुटबॉल खेळता येतो, स्वयंपाकघरात हाताखाली काम असतं. मग एके दिवशी लेफ्टनंट जबाती सगळ्या गावाला गोळा करतो. बंडखोरांनी वेढा दिलाय, धडधाकट पुरुष आणि मुलगे हवेत. ज्याला लढायचं नाही त्याने खुशाल जावं, मात्र त्याला शिधा मिळणार नाही. आणि गाव सोडून निघालेल्या एका माणसाचं आणि एका लहान मुलाचं प्रेत तो सर्वांसमोर ठेवतो. त्यानंतरचं प्रशिक्षण म्हणजे केळीच्या झाडांत संगीन खुपसणं. समोर तुमच्या आईवडिलांचा खुनी आहे असं समजा, असं त्यांना सांगतात. ज्याने जळालेलं गाव नुकतंच पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे पांढऱ्या गोळ्या, गांजा, कोकेन आणि बंदुकीची दारू मिसळलेली ‘ब्राउन ब्राउन’ ही पूड, रात्री रॅम्बोचे चित्रपट. सात आणि अकरा वर्षांची दोन मुलं आहेत, त्यांना बंदूक धड पेलतही नाही. त्यातलं एक पहिल्याच चकमकीत जातं.

ही पानं आम्ही बैठकीत मोठ्याने वाचली. जेवण, आसरा, सोबत, सूड. एवढ्या चार गोष्टींत एक मूल सैनिक होतं आणि त्यातल्या पहिल्या तीन तर कोणत्याही मुलाला हव्याच असतात. मला वाटतं, पळवून नेल्याची गोष्ट आपण मनात रचतो कारण ती सोपी पडते. तिच्यात सगळा दोष राक्षसांचा असतो. इथे ते काम देशाच्या गणवेशातला, मुलांशी बरा वागणारा माणूस करतो.

दुसरी गोष्ट कॅसेटींची. हिंडताना गावोगावचे लोक या मुलांना बंडखोर समजून पकडतात, कारण तोवर मुलांच्या टोळ्यांची दहशत सगळीकडे पसरलेली असते. एका गावात खिशातल्या रॅपच्या कॅसेटीमुळे जीव वाचतो: गावचा प्रमुख ती वाजवायला लावतो आणि मुलं नाचून दाखवतात. पुढे येलेत लष्करी चड्डी मिळाल्यावर एक सैनिक त्याचे जुने कपडे आगीत टाकतो. कॅसेटी त्याच खिशात असतात. तो धावतो, पण त्या वितळायला लागलेल्या असतात. आणि शेवटच्या भागात फ्रीटाउनच्या पुनर्वसन केंद्रातली नर्स एस्थर त्याला वॉकमन आणि रन-डीएमसीची कॅसेट आणून देते. मुलांना मी एवढंच सांगितलं की फक्त संगीताचे उल्लेख धरून पुस्तक पुन्हा चाळा. लढाया धरून वाचताना न दिसलेलं बरंच त्यांना दिसलं.

तुमच्यापैकी कुणी हे वाचलंय का? मुलांबरोबर वाचताना कुठे थांबावं, जोडीला आणखी काय घ्यावं, जरूर सांगा.

सातारी_वाचक

उत्तम धागा. मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते लेफ्टनंटच्या हातातल्या ‘ज्युलियस सीझर’ने. तो तळावर निवांत बसून शेक्सपियर वाचतो, हे वाचलंस का म्हणून मुलाला विचारतो, आणि शाळेत शिकलेला इश्माएल त्यातला उतारा घडाघडा म्हणून दाखवतो. लहानपणी हाच मुलगा गावातल्या मोठ्यांसमोर शेक्सपियर म्हणून शाबासकी मिळवायचा. वाचणारा माणूस असं करणार नाही ही आपली भाबडी समजूत त्या एका प्रसंगात मोडते.

अक्षरवेल

सातारी_वाचक, अगदी. आणि त्या मुलाला आतापर्यंत ज्यांच्याकडून कौतुक मिळत होतं ती सगळी माणसं गेलीत. ते कौतुक आता या एका माणसाकडून मिळतंय. आमच्या गटातल्या एका पालकांनी हे बोलून दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले होते.

देवगडकर

पुस्तक प्रभावी आहे हे मान्य. पण त्याच्या खरेपणावर जे प्रश्न उठले त्यांचा मूळ लेखात उल्लेखही नाही, हे मला खटकलं. जानेवारी २००८ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राने बातम्यांची मालिकाच चालवली होती. बेआ म्हणतो की हल्ला जानेवारी १९९३ मध्ये झाला. पण मात्रू जाँग आणि जवळची रुटाइल या खनिजाची खाण बंडखोरांच्या हातात गेली ती जानेवारी १९९५ मध्ये. म्हणजे दोन वर्षांचा फरक. १९९५ धरलं तर तो सैनिक होता तो दोन वर्षांहून अधिक नव्हे, काही महिने. पुनर्वसन केंद्रात दोन्ही बाजूंच्या मुलांमध्ये झालेल्या मारामारीत सहा जण मेले असं तो लिहितो, त्यालाही दुजोरा मिळाला नाही असं त्या वृत्तपत्राचं म्हणणं होतं. बेआ आणि प्रकाशक आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. त्यातून आपली स्मरणशक्ती छायाचित्रासारखी आहे असं बेआ पुस्तकातच सांगतो. असा दावा करणाऱ्याकडून तारखा नेमक्या असाव्यात ही अपेक्षा चूक आहे का? मुलांना आत्मकथन शिकवायचं तर हेही शिकवायला हवं.

सुमेधा_टोरांटो

+१. वाद आहे हे मुलांना सांगायलाच हवं.

अक्षरवेल

देवगडकर, मुद्दा रास्त आहे. पुढची संपूर्ण बैठक मी या वादासाठीच ठेवली आहे. मूळ लेखात तो आणला नाही, कारण आधी पुस्तक नीट वाचलं जावं असं मला वाटत होतं. वाद आधी कळला की मुलं प्रत्येक पानावर पोलिसासारखी उभी राहतात.

माझं मत सांगते. तारखा महत्त्वाच्या आहेत. १९९५ बरोबर असेल तर पुस्तकातला भटकंतीचा आणि लढाईचा काळ ताणला गेलाय, आणि ‘आत्मकथन’ या नावाखाली येणाऱ्या पुस्तकाला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. पण त्या बातम्यांचं रोखठोक म्हणणं सुद्धा तो सैनिकच नव्हता असं नव्हतं. किती काळ आणि कोणत्या वयात, हा प्रश्न होता. आणि दुसरी बाजूही पाहा. ज्या देशात शाळा बंद पडल्या, कचेऱ्या जळल्या, माणसं एका गावातून दुसऱ्या गावात पळत होती, तिथलं एक मूल, तेही नशेत ठेवलेलं, दिवसमहिने कशाच्या आधारे मोजेल? स्मरणशक्तीच्या दाव्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. तो दावा पुस्तकात नसता तर बरं झालं असतं.

नर्मदाकाठ

वकिलीत आयुष्य गेलं, म्हणून साक्षीपुराव्याच्या अंगाने लिहितो.

आघातातून गेलेल्या साक्षीदाराची तारीख आणि क्रम चुकणं हा न्यायालयातला रोजचा अनुभव आहे. तेवढ्यावरून साक्ष फेटाळत नाहीत, मूळ घटनेला इतर आधार आहे का ते बघतात. आता वयाचा हिशेब करू. बेआचा जन्म नोव्हेंबर १९८०चा. १९९५चीच तारीख धरली तरी त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत तो १४ वर्षांचा होता. १९८९चा बालहक्क करार १५ वर्षांखालच्या मुलांची भरती करू नये असं सांगतो. म्हणजे वृत्तपत्राचा हिशेब खरा धरला तरी, त्या नोव्हेंबरआधी त्याला बंदूक दिली असेल तर देणाऱ्याचा अपराध तसाच राहतो. देवगडकरांचा आक्षेप लेखकावर आहे, आणि तो योग्य असू शकतो. सरकारी लष्कराची त्यातून सुटका होत नाही.

कायद्याच्या दृष्टीने सिएरा लिओनचं महत्त्व फार मोठं आहे. युद्धानंतर तिथे संयुक्त राष्ट्रं आणि सरकार यांनी मिळून विशेष न्यायालय स्थापन केलं. बचाव पक्षाने प्रश्न काढला की मुलांची भरती हा त्या काळी गुन्हा होता का? मे २००४ मध्ये न्यायालयाने, होय, तेव्हाही होता, असा निर्णय दिला. जून २००७ मध्ये, म्हणजे हे पुस्तक आलं त्याच वर्षी, तीन जणांना इतर गुन्ह्यांसोबत मुलांच्या भरतीबद्दल दोषी ठरवलं गेलं. कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या गुन्ह्यासाठी दोषी ठरवण्याची ती पहिलीच वेळ. हे तिघे १९९७ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या लष्करी गटातले होते, म्हणजे मुळात सरकारी सैन्यातलेच. अक्षरवेल म्हणतात त्याला इथे पुष्टी मिळते. चार्ल्स टेलरला २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली, त्या आरोपांतही मुलांची भरती होती.

मुलांवर खटले चालवायचे का यावरही बरीच खडाजंगी झाली. नियमांप्रमाणे १५ ते १८ वयाच्या आरोपींवर खटला चालवता आला असता. मुख्य अभियोक्ता डेव्हिड क्रेन यांनी २००२ मध्येच जाहीर केलं की आपण मुलांवर खटले भरणार नाही.

सुमेधा_टोरांटो

अक्षरवेल, जोडीला काय वाचावं असं विचारलंय, तर मारियातू कमाराचं ‘द बाइट ऑफ द मँगो’ नक्की घ्या. हे २००८ मध्ये आलं. मारियातूही सिएरा लिओनची. ती बारा वर्षांची असताना बंडखोरांनी तिचे दोन्ही हात तोडले, आणि ते करणारे तिच्याच वयाच्या आसपासचे मुलगे होते. पुढे ती कॅनडात आली, इथे टोरांटोत राहिली. या पुस्तकाला प्रस्तावना आहे इश्माएल बेआची.

आता बेनिन होम, म्हणजे बेआच्या त्या पुनर्वसन केंद्रातले कर्मचारी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतात की यात तुमचा दोष नाही. सुरुवातीला मुलांना ते ऐकून संताप येतो, नंतर हळूहळू बेआला त्यावर विश्वास ठेवावासा वाटू लागतो. मी ते वाचून रडले होते. मग मारियातूचं वाचलं आणि तेच वाक्य घशात अडकलं. तिच्या समोर उभं राहून ते कोण म्हणणार? दोन्ही पुस्तकं एकाच सत्रात वाचली तर मुलांना कुठल्याही एका बाजूला विसावता येणार नाही.

आणि मुली. बेआच्या पुस्तकात त्या जवळपास नाहीतच. प्रत्यक्षात टोळ्यांमध्ये मुली मोठ्या संख्येने होत्या: स्वयंपाकाला, ओझी वाहायला, लढायला, आणि कमांडरांच्या ‘बायका’ म्हणून. युद्धानंतर निःशस्त्रीकरणाच्या कार्यक्रमातून जवळपास ६,८०० मुलं बाहेर आली, त्यात मुली फारच थोड्या. बऱ्याच जणी पुढेच आल्या नाहीत. गावात कळलं तर काय, ही भीती, आणि कडेवर मूल.

नर्मदाकाठ

सुमेधाताई, त्याला जोडून एक. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच विशेष न्यायालयाच्या अपील खंडपीठाने, बळजबरीचं लग्न हा मानवतेविरुद्धचा स्वतंत्र गुन्हा आहे, असा निवाडा दिला. त्या मुलींच्या साक्षींशिवाय ते झालं नसतं.

तुमच्या मूळ प्रश्नाला कायद्याकडेही पुरं उत्तर नाही. युगांडाच्या डॉमिनिक ओंगवेनचं प्रकरण बघा. ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ने त्याला लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळवलं. तिथेच वाढून तो कमांडर झाला आणि त्याने इतर मुलांना तेच करायला लावलं. २०२१ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला दोषी ठरवून २५ वर्षांची शिक्षा दिली. त्याचं पळवलं जाणं शिक्षा ठरवताना विचारात घेतलं, पण दोषातून सुटका केली नाही. म्हणजे अठराव्या वाढदिवसाला तोच मुलगा पीडिताचा गुन्हेगार होतो. रेषा कुठेतरी आखावी लागते हे मला पटतं. ती आखताना मन स्वस्थ राहत नाही हेही खरं.

भटका_डॉक्टर

मी मानसोपचारात काम करतो. ‘तुमचा दोष नाही’बद्दल.

ते वाक्य न्यायनिवाडा म्हणून उच्चारलेलं नाही, असं मला वाटतं. ते उपचारातलं वाक्य आहे आणि त्याचं काम वेगळं. त्या केंद्रातले पहिले काही महिने आठवा. मुलं नशा सुटल्यामुळे तडफडतायत, दिसेल ते फोडतायत, कर्मचाऱ्यांना मारहाण करतायत. शाळेचं साहित्य दिलं तर वह्या-पेन जाळून टाकली. कर्मचारी दुसऱ्या दिवशी परत नवं साहित्य घेऊन हजर. मार खाऊन पट्टी बांधून आलेला माणूस पुन्हा म्हणतो, यात तुझा दोष नाही. मुलांना राग येतो तो याचाच. ज्यांच्यावर हुकूम चालवायची सवय झालेली ती साधी माणसं आपल्याला ‘मुलं’ समजतात हे त्यांना सहन होत नाही. बंदुकीने मिळवलेला मान हातातून जातोय आणि बदल्यात काय मिळतंय हे अजून दिसत नाही. बेआ तिथे आठ महिने होता. पुस्तकातली ही पानं आमच्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांनी तर वाचायलाच हवीत.

सिएरा लिओनमधल्याच मुलांचा एक दीर्घ अभ्यास आहे. टेरेसा बेटानकोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून त्याच त्याच मुलांना वर्षानुवर्षं भेटून तो केला. ज्यांनी स्वतः कुणाला मारलं वा जखमी केलं, किंवा ज्यांच्यावर बलात्कार झाले, त्यांना जास्त त्रास झाला. पण युद्धात काय घडलं एवढ्यावरच पुढचं ठरलं नाही. घरच्यांनी आणि गावाने स्वीकारलं का, शाळा सुरू राहिली का, याचाही मोठा वाटा होता. ज्यांना गावाने टोमणे मारले, दूर ठेवलं, त्यांची तब्येत जास्त बिघडली. बेआला टॉमीकाकाचं घर मिळालं. काकाने त्याला नातलग म्हणूनच घरात घेतलं, भूतकाळाबद्दल खोदून विचारलं नाही. केंद्रातल्या उपचारांपेक्षा त्या घराने जास्त काम केलं असावं असं मला वाटतं.

सुमेधाताईंची अडचण मात्र याने सुटत नाही. मारियातूला तिच्या वाट्याचं काही मिळाल्याशिवाय गावाने त्या मुलांना घरात घ्यावं असं सांगणं अन्यायाचंच आहे. सत्यशोधन आयोगाने २००४च्या अहवालात हात-पाय गमावलेल्यांसाठी भरपाईच्या शिफारशी केल्या होत्या, आणि त्या अंमलात यायलाही बरीच वर्षं गेली.

पलटणवाला

या देशाशी आपल्या फौजेचाही संबंध आहे, तो इथे यायला हवा. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व मेजर जनरल विजय जेटली यांच्याकडे होतं. मे २००० मध्ये आरयूएफने शांतिसेनेच्या सुमारे ५०० जणांना ओलीस धरलं. कैलाहून नावाच्या गावी आपल्या ५/८ गोरखा रायफल्सच्या तुकड्यांना वेढा पडला तो दोन महिन्यांहून जास्त काळ टिकला. जुलै २००० मध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ने त्यांना बाहेर काढलं. दोनशेहून अधिक जवान सुखरूप आले, एक हवालदार शहीद झाला. बंडाची पहिली ठिणगी १९९१ मध्ये पडली ती याच कैलाहून जिल्ह्यात.

मी स्वतः तिथे नव्हतो. पण समोरच्या नाक्यावर रायफल घेऊन बारा-तेरा वर्षांचं पोर उभं असेल तर जवानाने काय करायचं, याचं समाधानकारक उत्तर कुठल्याच प्रशिक्षणात मिळत नाही. मुलांना पुढे करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं आणि तो त्याचाच फायदा घेतो.

चंद्रपूरकर

आमच्या भागाबद्दल लिहू की नको असा विचार करत होतो. लिहितो.

गडचिरोलीत आणि पलीकडे छत्तीसगडमध्ये ही गोष्ट परकी वाटत नाही. आत्मसमर्पण केलेल्यांच्या हकिकतींत अगदी कोवळ्या वयात माओवाद्यांच्या दलममध्ये गेल्याचे उल्लेख येतात. संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक अहवालांतही माओवाद्यांनी मुलांची पथकं केल्याची नोंद होत होती. आणि अक्षरवेल म्हणतात तशी दुसरी बाजूही आहे. छत्तीसगडमध्ये सरकारने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून माओवाद्यांविरुद्ध उभं केलं, त्यात अल्पवयीन मुलं असल्याचे आरोप झाले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर ती पद्धत घटनाबाह्य ठरवली.

दोन्ही ठिकाणची परिस्थिती एक नाही, प्रमाण तर नाहीच नाही. ताणून जुळवू नये. पण येलेतल्या त्या मैदानातलं दृश्य वाचताना, ज्या पाड्यावर दोन्हीकडची बंदूक येते तिथल्या घरातला मुलगा काय निवडणार, हे माझ्या डोळ्यांसमोर आलंच.

रोहन_टीवाय

मी याच वाचनगटात आहे. मॅडमनी लिंक दिली म्हणून लिहितोय.

लढाईची प्रकरणं मी एका दमात वाचली, थांबवत नव्हतं. नंतर पहिलं पान पुन्हा बघितलं. तिथे न्यूयॉर्कच्या शाळेतले मित्र त्याला विचारतात की तू खरंच युद्ध पाहिलंस का, गोळ्या झाडणारी माणसं पाहिलीस का, आणि त्यांना ते भारी वाटतं. मला वाचताना जे वाटत होतं ते तेच होतं. येलेतली मुलं रॅम्बो बघून तसं लढायला जायची, मी मोबाइलवर तशाच खेळात रोज रात्री लढतो. यावर गटात बोलायला हवं होतं, पण सगळ्यांसमोर बोलवलं नाही.

आणखी एक शंका. सिएरा लिओन म्हटलं की हिरे, असं सगळीकडे वाचलंय. मग पुस्तकात हिऱ्यांबद्दल जवळपास काहीच कसं नाही?

अक्षरवेल

रोहन, हे इथे लिहिलंस ते फार चांगलं केलंस. पुढच्या बैठकीची सुरुवात तुझ्या पहिल्या मुद्द्याने करू या. तुझं नाव न घेता मांडते, तुला वाटलं तर तू बोल.

हिऱ्यांचं असं की हिऱ्यांच्या मुख्य खाणी पूर्वेकडे, कोनो भागात. बेआचं गाव दक्षिणेकडचं, रुटाइलच्या खाणीजवळचं. पण खरं कारण मला दुसरं वाटतं. तेरा वर्षांच्या मुलाला युद्धाचं अर्थकारण दिसत नाही. त्याला फक्त आजचं गाव, आजचा दारूगोळा आणि आजचं जेवण दिसतं. कोनोचे हिरे लायबेरियामार्गे बाहेर जायचे आणि त्यातून शस्त्रं यायची. जुलै २०००मध्ये सुरक्षा परिषदेने सिएरा लिओनच्या प्रमाणपत्र नसलेल्या कच्च्या हिऱ्यांवर बंदी घातली, आणि २००३ पासून कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र देणारी ‘किंबर्ली प्रक्रिया’ लागू झाली. आपल्या जवळचं सांगायचं तर जगातले बहुसंख्य हिरे सुरतेत पैलू पाडून घेतात आणि मुंबईतून त्यांचा व्यापार चालतो, त्यामुळे या प्रमाणपत्राशी आपला थेट संबंध आहे. हे सगळं पुस्तकाबाहेरून आणावं लागेल. आत्मकथनाकडून ती अपेक्षा धरू नये, आणि फक्त आत्मकथन वाचून आपल्याला ते युद्ध कळलं असंही समजू नये.

देवगडकर

नर्मदाकाठ यांचा वयाचा हिशेब पटला. तो माझ्या डोक्यात आला नव्हता. तारखांवरचा माझा आक्षेप मात्र कायम आहे आणि तो मुलांसमोर तसाच ठेवावा ही विनंती. दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचून त्यांनी ठरवू दे.

अक्षरवेल, बैठक ऑनलाइन ठेवणार असाल तर मला यायला आवडेल.

अक्षरवेल

जरूर या. तुमचा आक्षेप तुम्हीच मांडा, माझ्यापेक्षा नीट मांडाल. नर्मदाकाठ सर, तुम्हालाही आग्रहाचं निमंत्रण, वेळ संध्याकाळची ठेवते.

सगळ्यांच्या सूचनांनंतर क्रम असा धरतेय: आधी येलेची प्रकरणं पुन्हा मोठ्याने वाचायची आणि रोहनच्या मुद्द्यावर बोलायचं. मग तारखांचा वाद. त्यानंतर बेनिन होमची प्रकरणं आणि मारियातूचं पुस्तक एकत्र, त्याला दोन बैठका लागतील. मारियातूच्या पुस्तकातला हल्ल्याचा भाग अकरावीच्या मुलांसोबत वाचावा की नाही यावर पालकांशी आधी बोलते. भटका_डॉक्टर, त्या दोन बैठकांपैकी एकीला तुम्ही असलात तर मला धीर येईल. काही मुलांच्या घरी हिंसा आहे हे मला माहीत आहे, आणि या पानांवर त्यांचं काय होईल याची काळजी वाटते.

भटका_डॉक्टर

येतो. बैठकीआधी एकदा फोनवर बोलू. कुणालाही स्वतःचं काही सांगायचा आग्रह होऊ नये, आणि उठून बाहेर जायची मुभा सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवा. बैठक संपल्यावर मी अर्धा तास थांबेन, म्हणजे कुणाला एकट्याने बोलायचं असेल तर बोलता येईल.